नर्सबाईचं सोवळं

मुलांनो, सोवळं हा शब्द तुमच्या कानांवरून फारसा गेला नसेल. धुतलेलं लुगडं काठीने उंच दांडीवर वाळत घालायचं, काठीनेच काढायचं, आणि ते नेसल्यावर पूजा-स्वयंपाक होईपर्यंत कोणाला शिवू द्यायचं नाही. माझ्या वडिलांची विधवा आत्या हे जन्मभर पाळत आली. आम्ही सगळे तिला आत्याबाई म्हणत असू.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नगरच्या इस्पितळात माझ्या वहिनीचं पोट चिरून बाळ काढावं लागलं. बाळ ठणठणीत होतं. धास्ती होती ती जखम पिकण्याची. आदल्याच वर्षी आमच्या गल्लीतली एक बाळंतीण तापाने गेली होती, आणि आजची औषधं तेव्हा हाताशी नव्हती.

वॉर्डची मुख्य नर्स सोनईकडची ख्रिस्ती बाई होती. हातात एक बांगडी नाही, नखं मुळापासून कापलेली. उकळलेल्या कापडाला ती बोट लावत नसे, चिमट्याने उचलायची. एका खाटेवरून दुसरीकडे जाताना साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. थंडीने त्या हातांना भेगा पडल्या होत्या, तरी तिने धुणं टाळलेलं मी कधी पाहिलं नाही.

आत्याबाई देवीचा अंगारा घेऊन आली. घरी जाऊन अंघोळ करायचीच आहे, मग इथे शिवाशिव कसली, असा तिचा हिशेब. व्हरांड्याच्या टोकाला नेवाशाची एक बाळंतीण तापाने फणफणलेली, म्हणून वेगळी ठेवली होती. आत्याबाईने आधी तिला अंगारा लावला, तिचं तोंड कुरवाळलं आणि तशीच आमच्याकडे आली. नर्स वहिनीची जखम पुसत होती. आत्याबाईने बोट पुढे केलं.

"मागं व्हा, आत्याबाई. मला शिवू नका. मी सोवळ्यात हाय."

शेजारच्या खाटेवरची बाई पदरात तोंड घालून हसली. आत्याबाई जन्मभर जे दुसऱ्यांना म्हणत आली, ते तिला कोणी म्हटलं नव्हतं.

"तू? आणि सोवळ्यात?"

"तुमची काठी, तसा माझा चिमटा. तुमी शिवल्यावर धुता, मी शिवायच्या आधी धुते. तिकडचा ताप हिला लागला, तर मी तुमाला काय तोंड दाखवू?"

आत्याबाई वळली आणि नळावर गेली. दुसऱ्या दिवसापासून ती वॉर्डच्या दारात स्टूल टाकून बसू लागली आणि येईल त्याला नळावर पिटाळू लागली. माझा भाऊ म्हणाला, आत्ताच अंघोळ करून आलोय.

"टांग्याचा दांडा धरून आलास ना, मेल्या? जा."

वहिनीला ताप आला नाही. टाके निघाले ते कोरडे, स्वच्छ. घरी निघताना टांगा दाराशी लागला, सामान चढलं, आणि आत्याबाईने नर्सकडे पाणी मागितलं. इस्पितळाच्या पाण्याचा थेंबही तोवर तिने तोंडात घातला नव्हता. तिच्यासाठी घरून भरलेला तांब्या येई, आणि तो त्या वेळी माझ्या मांडीवर होता.

नर्सने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिने हात धुतले आणि पेला भरून आणला. आत्याबाईने तो तिथेच रिकामा करून परत दिला आणि मग टांग्यात चढली.