साक्षीदाराची तब्येत

मृत्युपत्रं टाईप करणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. महाडला एका वकीलसाहेबांकडे मी दहा वर्षं टाईपरायटर बडवला. माणूस कितीही धीट असो, हा कागद करायला आला की घशाला कोरड पडणारच! म्हणून आधी पाण्याचा ग्लास पुढे करायचा, हा आमचा नियम.

सव गावचे एक काका. वाटण्या तोंडपाठ, कागद तयार, पेन हातात. तेवढ्यात कॅलेंडरकडे बघून ताडकन उठलेच.

"आज अवस हाय! आज सही केली तर आजच लागू व्हायचं!"

पाचाडच्या एका मावशींनी आपली खानावळ सुनेच्या नावे लिहिली. सही झाली आणि मावशी कासावीस.

"सुनेला कळवू नका हां."

"का हो? चांगलीच तर गोष्ट आहे," साहेब म्हणाले.

"मला शुगर हाय, साहेब. माझा चहा तीच करते!"

पण माझी खरी झोप उडवली ती पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतल्या धोंडूबाबांनी. त्यांना घर बायकोच्या नावे करायचं होतं. "मी गेलो की पोरं घर विकून हिला मुंबईला नेतील. तिथं ही महिना काढायची नाय."

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. मानाचं काम म्हणून बाबांनी वाडीतली सगळ्यात म्हातारी दोन माणसं जीपमधून आणली! साहेबांनी समजावलं, "बाबा, उद्या भांडण झालं तर साक्षीदार कोर्टात उभा राहायला हवा."

"जाणत्यांना सोडून पोरांना बसवू? वाडी काय म्हणंल?"

शेवटी त्या दोघांचेच अंगठे घेतले, आणि दोन पावसाळ्यांत ते दोघेही गेले. बाबा घाबरेघुबरे होऊन आले. कागद नव्याने करायचा, तर वाडीत कुणी साक्षीला तयार होईना. त्या कागदाला अंगठा दिला की माणूस जातो, अशी बोलवा उठली होती. तरणी पोरं तर सगळी मुंबईत.

शेवटी एक सही शेजारच्या सलूनवाल्याने केली, दुसरी माझ्यावर आली. बाबांनी माझा इंटरव्ह्यूच घेतला!

"वय?"

"चौतीस."

"बिडी?"

"नाही."

"फटफटी?"

"सायकल."

मग कुठे मला पेन मिळालं. हसत सही केली खरी, पण पुढे महिनाभर मला उगाच छातीत दुखल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर दर महिन्याला बाबा एसटीने महाडला येत. आत येत नसत. दारातूनच विचारत, "बरं हाय ना?" मी "बरं आहे" म्हटलं की माघारी. आधी मला राग यायचा, मग सवय झाली, मग त्यांना उशीर झाला की मीच रस्त्याकडे बघायला लागलो.

एका महिन्यात बाबा आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांची बायको दारात उभी. कपाळ मोकळं. एवढी वाट उतरून एकटीच आली होती.

मी खुर्चीतून उठलो. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं.

"बरं हाय ना?"

"बरं आहे, आजी."

"मग जाते घरी."