गंगेत सोडलेलं वांगं

सावळीरामांचं झेंडूचं रान गोदावरीच्या काठाला, धरणाच्या खालच्या अंगाला. नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात. त्यांची मुलगी छाया या गंगेच्या तळाचे दगड उचलून बघायची. दगडांखाली कोणत्या अळ्या जगतात आणि पाणी किती मंदावलं की त्या नाहीशा होतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. १९९७ साल होतं. कॉलेजात ती तात्पुरती शिकवत होती. प्रबंध वेळेत झाला तर नोकरी कायम, नाहीतर जागा दुसऱ्याला.

पाण्याचा वेग मोजायचं कॉलेजातलं यंत्र बंद पडलेलं. छाया त्यावाचून अडली नाही. नदीवर आडव्या दोन दोऱ्या बांधल्या. वरच्या दोरीपाशी सावळीराम झेंडू सोडायचे, खालच्या दोरीपाशी तिची आई गोजराबाई "आलंऽऽ" म्हणून ओरडायची. मध्ये कमरेएवढ्या पाण्यात छाया घड्याळ धरून उभी. फुलं घरचीच, लांबून दिसणारी. वर्षभर हे काम चाललं. थंडीत पाय बधिर व्हायचे, पण एक खेप चुकली नाही.

दसऱ्याच्या दिवशी मोजणीत पाणी भलतंच वेगात निघालं. दोरीपाशी खोली मात्र आदल्या खेपेएवढीच. छायाने दगड उलटा केला. संथ पाण्यातल्या अळ्या खाली शांत चिकटलेल्या. पाणी धावलं असतं तर त्या तिथे टिकल्या नसत्या. ती आईच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"दादा, सोडा!" तिने वडिलांना हाक दिली.

वरून एक झेंडू आला. मागून दुसरा. मग पिवळ्या फुलांची अख्खी माळ, त्यात बेलाची पानं.

"आई, यातलं आपलं कोणतं?"

"मला काय ठावं? पहिलं दिसंल त्याला आलं म्हणायचं, असं तूच सांगितलंस."

"पहिलं आपलं नव्हतं. वर कुणीतरी वाहिलेलं होतं."

"मग माझ्यावर कशाला डोळे काढतीस? गंगेत काय तुझ्या बापाचीच फुलं वाहत्यात?"

छाया हसली, मग तिला वर्षभराचे आकडे आठवले. जिथे रोज कुणी ना कुणी नदीला फूल वाहतं, तिथे फुलानेच पाणी मोजायचं ठरवलं होतं. हे डोक्यात यायला वर्ष लागलं.

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "सणाच्या दिवसांचे आकडे गाळा. बाकीचे सरासरीत खपून जातील."

"सणाशिवायही लोक फुलं वाहतात, सर. कोणत्या दिवशी कुणाचं फूल मोजलं, मला सांगता येणार नाही."

"जागा जाईल तुमची."

"जाईल कदाचित. पण हे आकडे मी सही करून देणार नाही."

घरी सावळीरामांनी विचारलं, "एवढी राबलीस, ते समदं फुकट?"

"फुकट कसं? अळ्या बरोबर मोजल्यात. वेग चुकलाय. तो परत मोजायचा."

"आता काय सोडायचं?"

छायाने भाजीच्या टोपलीकडे बघितलं. "वांगं. तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही, आणि गंगेला वांगं कुणी वाहत नाही."

गोजराबाईने कपाळाला हात लावला. "लोक म्हणतील, सावळीरामाची पोरगी शिकून भाजी नदीत टाकते."

लोक म्हणालेच. छायाने पुन्हा अख्खं वर्ष मोजलं, पावसाळ्याचा पूर सोडून. कॉलेजातली तात्पुरती जागाही मधे गेली. तिने शिकवण्या घेतल्या आणि मोजणी सोडली नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "वेग कशाने मोजलात?"

"वांग्याने."

खोलीत हशा पिकला. हशा ओसरल्यावर छायाने झेंडूची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली, दसऱ्याचा दगड सांगितला, मग नवे आकडे मांडले. परीक्षकांनी पुढचा प्रश्न अळ्यांवर विचारला. वेगावर कुणी बोट ठेवलं नाही.

पदवी मिळाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात कायम जागाही मिळाली. हजर व्हायच्या आदल्या सकाळी ती दोऱ्या घेऊन निघाली.

"आता कशाला?" गोजराबाई म्हणाली. "झालीस ना पास?"

"धरणातून शेतीला सोडलेलं आवर्तन कालच बंद झालंय, आई. पाणी उतरतंय. आज मोजलं नाही तर हा उतार पुन्हा सापडायचा नाही."

गोजराबाईने रानातून वांगी आणली. "किडकी आणली. तशीही विकायची न्हाईत."

"किडकी नकोत. भोकातून पाणी शिरतं, वांगं बुडतं आणि वेग चुकतो."

"लय चिकट हायेस," म्हणत गोजराबाई चांगली वांगी तोडायला परत वळली.