हरवलेलं जाळं आणि माझं नवं यंत्र

आसनगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत मासे शोधायचं नवं कोरं यंत्र होतं. ते पाण्यात आवाज सोडतं आणि तळावरून परत आलेल्या आवाजावरून पडद्यावर चित्र काढतं. सोबतची पुस्तिका मी दोनदा वाचली होती, त्यामुळे स्वतःला तज्ज्ञ समजायला माझी काहीच हरकत नव्हती.

सापगाव मागे टाकून रिक्षा धरणाकाठच्या एका पाड्यावर (छोट्या वस्तीवर) पोचली. वाशिंदच्या एका सहकाऱ्याने लहूकाकांचं नाव दिलं होतं. होडी त्यांची, हौस माझी. पण काका होडीशेजारी तोंड पाडून बसले होते. परवा त्यांचं जाळं पाण्याखालच्या खोडाला अडकलं, वरचे तरंगते डबे तुटून वाहून गेले आणि जागाच सापडेनाशी झाली. ते जाळं त्यांच्या बायकोने, भीमाकाकूंनी, हाताने विणलेलं. आता काकूंना नीट दिसत नाही. दुसरं जाळं होणं नाही, असं काकांनी मनाशी धरलं होतं, म्हणून घरी अजून सांगितलंही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मासे राहू द्या, आधी जाळं काढू, असं मी ऐटीत सांगून टाकलं.

समोर माहुलीचे सुळके, पाणी अगदी शांत. गाळ असला की तळाची रेघ पुसट, खडक असला की जाड, हे मी काकांना समजावत होतो. तेवढ्यात पडद्याच्या मधोमध तळातून वर आलेला झुपका दिसला. मी होडी पुढे घ्यायला लावली, लोखंडी आकडा सोडला. वर आला तो नुसता चिखल. तीनदा हेच झालं. तिसऱ्या वेळी वाकताना माझी टोपीही पाण्यात गेली, तेव्हा मात्र काका पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी वल्हं ठेवलं. नांगराचा दगड दोरीने यंत्राखाली सोडला आणि पडद्याच्या उजव्या कडेला त्याची रेघ उमटताच लगेच वर ओढून घेतला. दगड होडीत आला, तरी रेघ पडद्यावर होतीच, हळूहळू डावीकडे सरकत.

"कडेला हाय तेवढंच आताचं, दादा. बाकी मागं गेलेलं. तुमी मागचं बघून होडी पुढं नेताव."

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. पुढच्या खेपेला झुपका कडेला उगवला त्याच क्षणी काकांनी आकडा सोडला. दोरी ताठ झाली. अर्ध्या तासाच्या ओढाताणीनंतर जाळं होडीत आलं, थोडं फाटलेलं, पण आलं.

घरी ते लपवायला जागाच नव्हती. काकूंनी आम्हाला तांदळाची भाकर आणि सुकटीची (सुक्या मासळीची) चटणी वाढली, जाळं मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवत फाटलेली जागा शोधून काढली. त्यांनी सुई मागितली. राहू दे, तुला दिसत नाय, असं काका पुटपुटले.

"गाठ बोटांना कळते," काकू म्हणाल्या. "दोन दिस तोंड लपवून फिरलात. मला विचारलं असतं तर दुसरं विणाय घेतलं असतं."

काका भाकरीचा तुकडा हातात धरून काकूंच्या बोटांकडे बघत राहिले.

परतताना आसनगावच्या बाकावर बसून मी पुस्तिका उघडली. उजवी कड म्हणजे आत्ताचं, असं तिसऱ्याच पानावर ठळक छापलं होतं. धडधाकट डोळ्यांनी दोनदा वाचूनही ते मला दिसलं नव्हतं. काकू तर जाळ्याकडे न बघताच गाठ मारून मोकळ्या झाल्या होत्या.