खिडकीतला नमुना ट्रे

"मॅडम, हे बघा तुमच्या मनीषाचं काम!" शेठनी ओंजळभर मिरच्या माझ्या टेबलावर टाकल्या. निम्म्या फिकट होत्या. "चारला गाडी भरायची आहे. असा माल पार्टी परत पाठवेल. ट्रायल बंद. उद्यापासून तिला बोलवू नका."

बारा वाजून गेले होते.

नंदुरबारजवळच्या मिरची पावडरच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. मी जवळच्याच कोरीट गावची, घरातली पहिली ग्रॅज्युएट. माझी आई पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, देठ खुडायची म्हणून मी बी.एस्सी. झाले. कुणीतरी आईला काम दिलं होतं, हे मी विसरत नाही. मनीषासाठी शेठच्या मागे लागले ते त्यामुळेच.

मनीषा सव्वीस वर्षांची. तिला डाऊन सिंड्रोम आहे. नवीन काम शिकायला तिला वेळ लागतो, पण शिकलेली पद्धत ती सोडत नाही. सॉर्टिंगसाठी, म्हणजे चांगली-खराब मिरची वेगळी करायला, मी तिला एक नमुना ट्रे करून दिला होता. डाव्या कप्प्यात चालेल अशी मिरची, उजव्यात न चालणारी. प्रत्येक मिरची ती ट्रेजवळ धरायची, मगच ढिगात टाकायची. महिन्याची ट्रायल नीट झाली की तिला कायम करायचं ठरलं होतं. आठवडा उरला होता. तिनं गल्लीभर सांगूनही टाकलं होतं.

मी शेडमध्ये धावले. मनीषा खिडकीपाशी मान खाली घालून बसली होती.

"मनीषा, ही मिरची चांगल्यात का टाकली?"

तिनं ती उचलून ट्रेच्या डाव्या कप्प्याजवळ धरली. "हाई देख ना, ताई. सारखीच शे."

मी पाहिलं. खरंच सारखी होती!

मी तशीच ऑफिसात पळाले आणि कपाटातलं कंट्रोल सॅम्पल काढलं. नमुना बनवताना त्याच मिरचीतली थोडी पाकिटात बंद करून अंधारात ठेवतात, ते हे. शेडमध्ये परत येऊन ते ट्रेशेजारी धरलं. पाकिटातली मिरची लालबुंद. ट्रेमधली विटकरी. तीन आठवडे तो ट्रे सकाळच्या उन्हात होता. खिडकीजवळची जागा मीच दिली होती, उजेड चांगला म्हणून. मिरचीचा रंग उन्हात उतरतो, हे नव्या बायांना मीच शिकवते! तेवढ्यात शेठही शेडमध्ये आले.

"शेठ, चूक माझी आहे. नमुनाच उतरलाय. तिनं अगदी बरोबर काम केलंय."

"मग बाकीच्या कशा चुकल्या नाहीत?"

सॉर्टिंगची सगळ्यात जुनी बाई लताबाई. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "आमना नमुना डोकामा ऱ्हास, शेठ. त्याले ऊन लागत नही!" बाया हसल्या. "तुमीनच एक टोपली करी दखाडा."

शेठ इरेला पेटले. बाही सारून खाली बसले. मी ताज्या मिरचीचा ट्रे मनीषासमोर ठेवला. तिनं नवा पाहिला, जुना पाहिला. जुना उचलून पालथा घातला. मग कुणी न सांगता सकाळचा आपला अख्खा ढीग पुढे ओढला आणि पहिल्यापासून निवडू लागली.

मधेच तिनं शेठच्या ढिगाकडे पाहिलं. हात घातला. एक फिकट मिरची काढून रिजेक्टमध्ये टाकली. मग दुसरी.

"ओ माय!" लताबाई ओरडली. "मनीषानी नही, शेठनी ट्रायल बंद करा मॅडम, त्यासले जमाव नही!"

शेठसुद्धा हसले. उठले, हात झटकले. "सगळ्या तिच्या ढिगावर बसा. गाडी थांबवतो."

चारची गाडी साडेपाचला निघाली. तीन दिवसांनी पार्टीचा फोन आला. माल पास! महिना भरला तेव्हा शेठनी मनीषाला कायम केल्याचं कार्ड स्वतः सही करून दिलं.

आता प्रत्येकीसमोर ट्रे असतो, लताबाईसमोरही. पॅकिंगला नवा आलेला एक जण आहे, त्याला ऐकू येत नाही. तोही ट्रेवरूनच काम शिकला, कुणाला ओरडून सांगावं लागलं नाही. दर सोमवारी मनीषा माझ्या टेबलावर जुना ट्रे पालथा ठेवते. "ताई, बदल." मी हातातलं काम सोडून बदलते.

माणूस चुकलं असं वाटलं की मी आधी माझा नमुना तपासते. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.