उसावरचा खटला

लातूरच्या एका गल्लीत, भर उन्हात, पालथ्या डब्यावर बसून मी उसाला मरणाची शिक्षा सुनावली होती. समोर टँकरची वाट बघणाऱ्या घागरींची रांग होती आणि रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे आयुष्यात मला पुष्कळ टाळ्या मिळाल्या, काही मी मागूनही घेतल्या. त्या टाळ्या मात्र अजून कानात आहेत. का आहेत, ते सांगायचं तर अक्कापासून सुरुवात करायला हवी.

अक्का माझी खोलीतली सोबतीण. देगलूरकडची, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. तिकडे मोठ्या बहिणीला सगळेच अक्का म्हणतात. अनुदान येईल, येईल म्हणत एका शाळेत तिने कितीतरी वर्षं शिकवलं होतं. अनुदान काही आलं नाही, केस मात्र पांढरे व्हायला लागले. मग एक दिवस ती पेटी उचलून स्पर्धा परीक्षेसाठी लातूरला आली. मी शिरूर अनंतपाळ तालुक्यातली, कॉलेज संपवून नुकतीच आलेली, तोंडाळ आणि नाटकी. माझ्यापुढे अजून दहा परीक्षा होत्या. अक्काची ही शेवटची. पुढची जाहिरात निघेपर्यंत तिचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि पुन्हा कधी त्यावर बोलली नाही.

आमच्या खोलीत दोन कॉट, एक खिडकी आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. त्या नकाशावर अक्काने उदगीरभोवती शिसपेन्सिलीने एक रेघ ओढली होती. नवा जिल्हा होणार, अशी हवा तेव्हाही होती. आम्हा परीक्षावाल्यांना त्यात भलताच रस, कारण नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं आणि नवी कार्यालयं म्हणजे नव्या जागा. मी म्हटलं, "अक्का, पेनानं काढ की, पेन्सिलीनं काय काढतीस?"

"पेनानं काढायला मी सरकार हाय का?" अक्का म्हणाली. "झाला तर गिरवू, न्हाई झाला तर पुसू."

त्या वर्षी लातूर कोरडं पडलं होतं. शहराला पाणी रेल्वेने यायला लागलं होतं आणि वसतिगृहातली निम्मी पोरं-पोरी गावाकडे परतली होती. आम्ही राहिलो. दुपारी टँकर यायचा, पण कधी, ते कोणालाच ठाऊक नसायचं. दोन-दोन तास घागरीशेजारी बसून काढायचे. म्हणून अभ्यासही रांगेतच व्हायचा. अक्काच्या मांडीवर सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक, डोक्यावर ओला रुमाल. ओला म्हणजे सकाळी तोंड पुसलेला.

अक्का बी. ए. मराठी. इतिहास, भूगोल, राज्यघटना तिला तोंडपाठ. अर्थशास्त्र आणि विज्ञान आलं की गाडी रुतायची. मग मी करून दाखवायचे. चलनवाढ मी लग्नाच्या पंगतीसारखी केली होती: ताटं वाढत गेली, जिलबी तेवढीच राहिली, आणि शेवटी एका जिलबीसाठी चार ताटं पुढे आली. अक्का हसून हसून आडवी झाली आणि चलनवाढ पुन्हा कधी विसरली नाही. तिची रीतच तशी होती. वाचलेलं विसरायची, बघितलेलं विसरायची नाही.

एक दिवस ती शेतीच्या प्रकरणात अडकली. वनस्पतींची दोन घराणी असतात, सी-थ्री आणि सी-फोर. दोघीही पानांच्या बारीक छिद्रांतून हवा घेतात. छिद्रं उघडली की आतलं पाणीही उडून जातं. सी-फोरवाल्या मोठ्या हुशार, त्यांना छिद्रं फारशी उघडावी लागत नाहीत. तेवढंच अन्न त्या कमी पाण्यात तयार करतात. सी-थ्रीवाल्या त्या मानाने उधळ्या.

"लई डोकं दुखून राहिलं," अक्का म्हणाली. "कोण कुठल्या घरातलं, कसं लक्षात ठेवायचं?"

मी पुस्तक बंद केलं. डबा पालथा घातला. वर चढून बसले आणि ओढणी वकिलाच्या काळ्या कोटासारखी खांद्यावर टाकली. "खटला क्रमांक एक! आरोपी ऊस हाजीर हो!"

शेजारच्या मावशींना मी आरोपी केलं, कारण त्या उंच होत्या. ज्वारी साक्षीला आली. ज्वारी म्हणजे मीच, कंबरेत वाकून, चिरक्या आवाजात: "सरकार, मी सी-फोरची गरीब बाई. दवावर जगते, थंडीवर पोसते. ह्या गड्यानं आख्खं धरण पिऊन टाकलं, सरकार!" रांगेतून आवाज आला, "खरं हाय बाई, खरं हाय!" आणखी एकीने उसाला दोन शिव्या हासडल्या. मी न्यायाधीश झाले. म्हटलं, "आरोपी ऊस हा सी-थ्री घराण्यातला, भाताचा सख्खा भाऊ. उधळेपणाचा गुन्हा शाबीत झालेला आहे. त्याला चरकात घालून मरेपर्यंत पिळण्यात यावं!"

टाळ्या. अक्काने वहीत लिहून घेतलं: ज्वारी सी-फोर, ऊस सी-थ्री. खाली दोन रेघा मारल्या.

गावभर कोरड पडलेली असताना ऊस काटकसरी घराण्यातला असेल, हे मराठवाड्यातल्या कोणाच्या मनाला पटेल? मला तर शंकाही आली नाही. न्यायासनावरून मी पुस्तकात बघितलंच नव्हतं.

तीन दिवसांनी बघितलं. ऊस, ज्वारी, मका, बाजरी, सगळ्यांची नावं एकाच ओळीत होती. सी-फोर. मी दुसरं पुस्तक काढलं, तिथेही तेच. शेवटी माझ्या पुस्तकाच्या समासात हिरव्या पेनाने लिहिलं, "ऊस सी-फोर!! आपला खटला चुकला," आणि अक्काला सांगायला बाहेर आले.

बाहेर रांग लागलेली होती. मावशींनी शेजारच्या गल्लीतल्या बायकांनाही बोलावून आणलं होतं. "ये गं ये, तो उसाचा तमाशा दाखव एकदा." दहा-बारा नवे चेहरे माझ्याकडे बघत होते. अक्का डबा पालथा घालून, ओढणीच्या टोकाने पुसून, माझ्यासाठी जागा करत होती.

मी चढून बसले. पहिल्यापेक्षाही चांगला रंगला. अक्काला उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या पुन्हा मागणी आली. परवा परीक्षेचं प्रवेशपत्र आलं, गडबड झाली, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, एवढीशी गोष्ट, ती कुठली येते विचारायला!

परीक्षेचं केंद्र आम्हा दोघींना नांदेडला मिळालं. वेगवेगळ्या खोल्या. प्रश्नपत्रिका उलटत गेले आणि मध्येच उसाचा प्रश्न दिसला. दोन विधानं: ज्वारी ही सी-फोर वनस्पती आहे, ऊस ही सी-थ्री वनस्पती आहे. खाली पर्याय: फक्त पहिलं बरोबर, फक्त दुसरं, दोन्ही, एकही नाही. मी "फक्त पहिलं" रंगवलं आणि पेन खाली ठेवला. भिंतीपलीकडे, कुठल्यातरी बाकावर, अक्का ह्या क्षणी हसत असेल हे मला दिसत होतं. उठून ओरडता येत नव्हतं. पाणी मागायलासुद्धा हात वर करावा लागतो तिथे.

फाटकाबाहेर तिने मला मिठीच मारली. "अगं पोरी, तुझा ऊस आला की! वाचता वाचता हसायलाच लागले. परीक्षेवरच्या बाई म्हणल्या, काय झालं? म्हणलं, काई न्हाई, ओळखीचं माणूस भेटलं."

मी म्हटलं, "व्हय." एवढंच म्हटलं.

उत्तरतालिका आली. अक्काने सगळी उत्तरं ताडून बघितली आणि ती काठावर निघाली. अगदी काठावर. उसाचं तिचं उत्तर बरोबर धरलं तर आत, नाही धरलं तर बाहेर, कारण चुकीच्या उत्तराला वरून गुणही कापले जातात. तालिकेवर हरकत घ्यायला थोडे दिवस मिळतात, पण पुरावा म्हणून छापील पुस्तकाचं पान जोडावं लागतं.

"तालिका चुकली हाय," अक्का म्हणाली. "लातुरात राहून ऊस काटकसरी म्हणायचं? पुस्तक शोधू."

आता सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "चल, शोधू." आणि सगळ्यात मोठ्या आवाजात मीच म्हटलं.

आधी आम्ही खोलीतली पुस्तकं उलथीपालथी केली, तिच्या कॉटवरची आणि माझ्याही. मग लातूरची ग्रंथालयं. मग शेतकी विषय शिकवणारे एक सर. त्यांनी आम्हाला बसवलं, अर्धा-अर्धा पेला पाणी दिलं. त्या दिवसांत तो मोठा पाहुणचार होता. मग शांतपणे समजावून सांगितलं. "बाई, एक किलो वाळलेला पाला-खोड तयार करायला ऊस भातापेक्षा कमीच पाणी घेतो. पण तो बारा-पंधरा महिने शेतात उभा राहतो आणि आपण तो लावतो किती! उसाचा वंश चांगलाच आहे. त्याला आपण जिथं तिथं बोलावतो, त्याला तो काय करणार?"

"पण सर, कुठंतरी कुणीतरी तसं छापलं असेल की," अक्का म्हणाली.

सर म्हणाले, "चुकीचं छापलेलं शोधताय का तुम्ही?"

पेला पालथा करून शेवटचा थेंब अक्काने तळहातावर घेतला आणि डोळ्यांना लावला.

शेवटच्या दिवशी आम्ही एसटीने नांदेडला गेलो. तिथे एका झेरॉक्सच्या दुकानात सगळ्या नोट्स मिळतात, असं कोणीतरी सांगितलं होतं. दुकानदाराने गठ्ठे चाळले. "ऊस, सी-थ्री? हाय की! हे बघा, ह्या नोट्स लई चालतात. लातूरच्या हायेत, लातूरचं म्हणल्यावर पोरं डोळे झाकून नेतात."

अक्काने पान हातात घेतलं. "ज्वारी सी-फोर, ऊस सी-थ्री," खाली दोन रेघा. अक्षर अक्काचं होतं. वरच्या कोपऱ्यात मी काढलेलं चित्रही होतं: डब्यावर बसलेली न्यायाधीश आणि मिशीवाला ऊस. कोणीतरी वही मागून नेली होती, तिची प्रत, प्रतीची प्रत. मिशी पुसट झाली होती, रेघा मात्र ठळक होत्या.

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, थांबेना. दुकानदारही हसायला लागला. अक्का म्हणाली, "भैया, किती जणांनी नेल्या ह्या?"

"मोजत कोण बसतंय, अक्का? सगळ्या जिल्ह्यात गेल्यात."

माझं हसू थांबलं.

हरकत घेतली नाही. निकाल लागला तेव्हा माझं नाव यादीत होतं. अक्काचं नव्हतं.

तिने दुसऱ्याच दिवशी पेटी भरली. मी कॉटवर बसून बघत होते. शेवटी म्हटलं, "अक्का, मला तुला एक सांगायचंय."

"ते हिरव्या पेनाचं का?"

मी कॉटवरून उठून उभी राहिले.

"हरकतीसाठी तुझं पुस्तक चाळलं न्हाई का मी? तवाच दिसलं."

"मग सरांकडं, नांदेडला... कशाला फिरलीस माझ्यासंगं?"

"तू कधी सांगतीस ते बघून राहिले होते," अक्का म्हणाली. पेटीची कडी लावताना ती अडकली, दोनदा दाबावी लागली. "आणि बसून तरी काय करायचं होतं? कुठं छापलेलं निघालं असतं तर?"

तिच्या आवाजात राग असता तर मी पाय धरले असते, रडले असते, मला ते सगळं छान जमतं. राग नव्हता. मला काय करावं ते कळेना.

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, टँकर आला म्हणून. अक्काची एसटी अर्ध्या तासाने होती. तिने तिची निळी घागर माझ्या हातात दिली. "माझा नंबर सात हाय. तो बी भरून घे, आज सोडू नको."

मी म्हटलं, "तुला सोडायला स्टँडवर येते."

"नंबर जाईल की येडे," ती म्हणाली आणि पेटी घेऊन निघाली.

मी दोन घागरी घेऊन रांगेत उभी राहिले. मावशींनी डबा पालथा घालून दिला आणि विचारलं, "काय गं, आज खटला न्हाई का?" मी डबा सरळ केला आणि नळीखाली धरला.