नर्सबाईंच्या अक्षता

उमरग्याच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई दर गुरुवारी मुलं तपासायला यायच्या. हैदराबादच्या होत्या, दखनी बोलायच्या. पोराचा घसा बघायचा तर आधी स्वतःच मोठा "आ" करायच्या, की पोर हसत तोंड उघडायचं.

निजामाचा अंमल, म्हणून घरी जाणाऱ्या चिठ्ठ्या मी उर्दूत लिहायचो. घरोघरी मराठी नाहीतर कानडी. उर्दू वाचणार कोण? एकदा शेजारच्या गावात देवीची साथ आली. पोरांना टोचायला आणा, असं मी लिहून पाठवलं. सरकारी शिक्का बघून लोकांना वाटलं, धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली आली. त्यांनी ज्वारीची पोती लपवली आणि पोरं घरीच ठेवली.

नर्सबाईंनी विचारलं, "मास्टरसाब, तुमारे इदर शादी का बुलावा कैसा देते?"

"दारोदार जाऊन अक्षता देतात."

"तो चलो."

त्या प्रत्येक बाईच्या हातावर अक्षता ठेवायच्या, पोराच्या दंडाला बोट लावायच्या आणि दवाखान्याकडं हात दाखवायच्या. मी समजावून सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "आप चुप रहो."

दुसऱ्या दिवशी आख्खी गल्ली दवाखान्यात. पोरांना नवे सदरे, बायकांच्या नाकात नथी. सगळ्यांना टोचून झालं, तरी कोणी हलेना. एका कानडी आजीनं ओसरीवर पोरांची पंगतच बसवली आणि मला विचारलं, "मास्तर, जेवन कवा हाय?"

मी घाबरून आत पळालो. सुया उकळायच्या चुलीवर नर्सबाई गूळभात ढवळत होत्या.