मोहीम गंजका खिळा

माणसांना नावं ठेवणारे पुष्कळ असतात. कोडकाकांनी जन्मभर मोहिमांना नावं ठेवली, तीही सरकारी पगारावर. सैन्याच्या सिग्नल विभागातून ते निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. दूध संपलं की स्वयंपाकघरातल्या फळ्यावर 'दू. सं.' आणि सिलिंडर बदलायचा असला की 'गॅ. ब.'. एकदा काकूंनी वैतागून 'डो. दु.' लिहिलं, तर हे दिवसभर त्याचा अर्थ लावत बसले, आणि काकू आपल्या डोक्याला फडकं बांधून आत पडून राहिल्या.

लेकीचे दिवस भरत आले तेव्हा काकांच्या अंगात पुन्हा वारं भरलं. जावई परगावी कामावर, लेक दोन गल्ल्या पलीकडे एकटी, आणि गाडी होती ती काकांकडे. त्यांनी मोहीम आखली आणि तिला नाव दिलं 'गंजका खिळा'.

लेकीचा चेहरा पडला. माझं बाळ म्हणजे गंजका खिळा का, असं तिनं विचारलं. काकांनी समजावलं, की नावावरून मूळ गोष्टीचा वास लागला तर ते नाव कसलं?

"अहो, पण इथे शत्रू कोण आहे?" काकू म्हणाल्या.

काकांनी क्षणभर विचार केला. "ते ठरायचंय," म्हणाले.

कळा सुरू झाल्या की लेकीनं फोन करून 'गंजका खिळा' म्हणायचं. काका 'पुढे?' विचारतील, त्यावर तिनं 'ओला साबण' म्हणायचं, म्हणजे खात्री पटली. पण काकूंनी किराणा दुकानात हसत हसत हे सगळं सांगून टाकलं. गुपित फुटलं म्हणून काकांनी त्याच संध्याकाळी उत्तराचा शब्द बदलला आणि लेकीला संदेश धाडला: 'उ. श. ब. – कंदील.' लेकीला वाटलं, बाबांचा हात चुकून लागला असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आल्या, तर काका नुकताच फोन ठेवत होते.

"कोण होतं?"

"खात्री पटली नाही. आवाज आपल्या लेकीसारखा होता, कण्हणंही हुबेहूब. पण शब्द जुना सांगितला. अशा वेळी संपर्क तोडायचा असतो."

काकूंच्या हातातले कपडे जमिनीवर गेले. त्यांनी लेकीला फोन लावून "आलेच" एवढंच म्हटलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"गाडी काढा. नाहीतर मी रिक्षा करते आणि रिक्षावाल्याला सगळं उघड सांगते."

या धमकीनं मात्र काका हलले. चपला उलट्यासुलट्या अडकवून ते जिन्यावरून असे उतरले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार लावून घेतलं.

लेक मागच्या सीटवर, आईचा दंड आवळून. बाबांशी ती बोलत नव्हती. बोलण्याइतका श्वासही तिच्याजवळ नव्हता. मोठ्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. मधोमध एक टेम्पो आडवा, त्याचा चालक खाली उतरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. काकांनी हॉर्न वाजवला. कुणी ढिम्म हललं नाही. मागून लेक म्हणाली, "बाबा, आता नाही थांबवत मला."

काकांनी आरशात पाहिलं. लेकीचा घामेजलेला चेहरा दिसला. मग जन्मात साधी भाजीसुद्धा नावानं न मागणारा तो माणूस खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघाला.

"माझी मुलगी बाळंत होतेय! गाडीतच होईल! मी तिचा बाप आहे, वाट द्या!"

ते पुन्हा ओरडले, मग पुन्हा. पलीकडच्या बसमधले लोक उतरून टेम्पो ढकलू लागले. हुज्जत घालणारे दोघे भांडण तिथेच टाकून पुढे धावत रस्ता मोकळा करत गेले. काकूंना हसू आणि रडू एकदमच फुटलं.

दवाखान्यात पोचताच लेकीला आत नेलं आणि थोड्याच वेळात नात जन्मली. दोघीही सुखरूप. काकांचा घसा पार बसला होता, तेव्हा जावयाला फोन काकूंनी केला. काका शेजारी उभे राहून त्यांची बाही ओढत होते, वजनही सांग, जावळ दाट आहे तेही सांग, म्हणून.